एका टिकलीचे पिस्तूल

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट होती. अभ्यंगस्नान आटोपून मी फराळाच्या ताटासमोर बसलो होतो. चकलीचा पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच जिन्यात ‘फाट्’ असा मोठा आवाज झाला आणि पाठोपाठ चिरंजीवांचे रडणे ऐकू आले. चहाचा कप तसाच ठेवून धावलो. चिरंजीव, वय वर्षे नऊ, पायरीवर अंगठा तोंडात धरून बसले होते. आदल्याच दिवशी हट्टाने घेतलेले टिकल्यांचे पिस्तूल पायाशी पडले होते. त्याचा घोडा खिळीतून निखळून भलतीकडेच वाकला होता.

“काय केलंस रे?”

“काही नाही, बाबा. एका टिकलीचा आवाज नीट येत नव्हता, म्हणून चार टिकल्या एकावर एक ठेवल्या.”

“मग?”

“आवाज मोठा आला. पण पिस्तूल मोडलं.”

अंगठ्याला किंचित भाजले होते, त्यावर औषध लावले. “चार टिकल्या म्हणे! आणा आणखी पिस्तुलं!” असा आहेरही मला स्वयंपाकघरातून मिळाला. मुलाचे रडे थांबले, पण त्याची शंका काही थांबेना. “बाबा, खऱ्या पिस्तुलात जास्त दारूची गोळी घातली, तर तेही मोडतं का?”

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. वर्गात वृत्ते आणि अलंकार शिकवणाऱ्या माणसाला पिस्तुलाचे काय कळणार? मला एवढेच ठाऊक, की ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागले, ‘तोफ’ तुर्कांकडून आली आणि ‘बंदूक’ अरबी-फारसीच्या वाटेने. घोडा, नळी आणि मूठ मात्र आपल्या घरची. पण मुलाला काही “मला माहीत नाही” असे सांगून भागत नाही. म्हणून ग्रंथालयात बसलो, एकातून दुसरे पुस्तक निघाले आणि पाहतो तो काय! आमच्या चिरंजीवांनी जिन्यात जो उद्योग केला, तोच उद्योग जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांनी, सैन्यांनी आणि पोलीस खात्यांनी गेली शंभराहून अधिक वर्षे चालवला आहे. खिशात मावेल एवढेच पिस्तूल हवे, पण काडतूस मात्र मोठे हवे!

पोत्याचे दार आणि अडसराचे दार

आधी पिस्तुलात घडते काय ते पाहू. काडतूस म्हणजे पितळेची एक छोटी डबी. बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, टोपी दारूला पेटवते आणि दारूचा क्षणार्धात वायू होतो. तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. पण वायूला पुढे-मागे कुठे कळते? जितक्या जोराने तो गोळीला पुढे रेटतो, तितक्याच जोराने तो डबीचे बूड मागेही रेटतो. क्रियेइतकीच प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम आपण सर्वांनी शाळेत घोकला आहे. पिस्तूल झाडणाऱ्याला तो मनगटात कळतो.

आता आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात ही रिकामी डबी बाहेर फेकून नवे काडतूस आत ढकलायचे काम पिस्तुलालाच करायचे असते. त्यासाठी वरचा पोलादी भाग मागे सरकतो. त्याला स्लाईड म्हणतात. ती मागे सरकली पाहिजे हे खरे, पण गोळी नळीतून बाहेर पडण्याआधी मात्र नाही. नाहीतर पितळेची डबी अर्धवट उघडी पडायची, फाटायची आणि तो तप्त वायू झाडणाऱ्याच्या तोंडावर यायचा.

हे दार क्षणभर बंद ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. जुन्या वाड्याचे दार डोळ्यांपुढे आणा. त्याला कडी नाही, नुसते धान्याचे पोते आतून टेकवून ठेवले आहे. लहान मुलाने ढकलले तर पोते जागचे हलणार नाही. हलले तरी सावकाश हलेल. ही पहिली तऱ्हा. यात स्लाईडचे वजन आणि तिच्या मागची स्प्रिंग एवढ्याच गोष्टी दार धरून ठेवतात. रचना सोपी, भाग थोडे, किंमत कमी. पण दारावर बैलाने धडक दिली तर? तर मग पोते मोठे हवे, नाहीतर दाराला चांगला लाकडी अडसर हवा. ही दुसरी तऱ्हा. यात नळी आणि स्लाईड एकमेकींत अडकलेल्या असतात. दोघी मिळून थोड्या मागे येतात, तेवढ्यात गोळी निघून जाते. मग नळीचे मागचे टोक खाली झुकते, अडसर निघतो आणि स्लाईड एकटी मागे जाते. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने ही युक्ती पक्की केली, आणि आजची बहुतेक मोठी पिस्तुले तिच्यावरच चालतात.

लहान पिस्तुलात मोठे काडतूस घालण्याचा सारा इतिहास म्हणजे या पोत्याची आणि अडसराची कथा आहे.

खिशातली पिस्तुले

ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास ७.६५ मिलिमीटरचे एक छोटे काडतूस बेतले. त्याच्यासाठी बेल्जममधल्या एफ.एन. कारखान्याने पोत्याच्या तऱ्हेचे, खिशात मावणारे पिस्तूल काढले. ते हातोहात खपले. मग मागणी आली, की याहून जरा जोरदार काही द्या. १९०८ मध्ये ब्राउनिंगने ‘नऊ मिलिमीटर आखूड’ हे काडतूस दिले आणि १९१० च्या नमुन्याचे पिस्तूल दोन्ही काडतुसांत मिळू लागले. दोन पिस्तुलांत मुख्य फरक काय तो नळीचा. लहान चणीच्या पिस्तुलाला मोठे काडतूस पेलवले, कारण वाढ बेताची होती आणि ज्याने काडतूस आखले त्यानेच पिस्तूलही आखले होते.

या बेताच्या काडतुसाने जगात काय केले ते सांगायला नकोच. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो शहरात ऑस्ट्रियाच्या युवराजावर आणि त्याच्या पत्नीवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते याच १९१० च्या नमुन्याचे, नऊ मिलिमीटर आखूडचे होते. त्यातून पहिले महायुद्ध पेटले.

इटलीची कथा आणखी बोधप्रद आहे. तिकडे ग्लिसेंटी नावाचे पिस्तूल होते, ७.६५ मिलिमीटरचे. जर्मनीत १९०२ पासून लुगरचे नऊ मिलिमीटर पॅराबेलम हे नवे जोरदार काडतूस आले होते. इटलीच्या सैन्याला वाटले, आपल्यालाही नऊ मिलिमीटरचेच हवे. म्हणून तेच पिस्तूल नऊ मिलिमीटरसाठी बदलले, आणि ते १९१० मध्ये सैन्यात आले. पण त्याच्या चौकटीची डावी बाजू म्हणजे उघडता येणारी एक पट्टी होती. पॅराबेलमचा धक्का तिला सोसेना. मग करायचे काय? काडतूस बाहेरून तेच ठेवले आणि आतली दारू कमी केली! नाव तेवढे मोठे, दम मात्र बेताचा. यात खरा धोका पुढे निर्माण झाला. दोन्ही काडतुसे दिसायला इतकी सारखी, की जर्मन काडतूस इटालियन पिस्तुलात सहज बसे. बसे खरे, पण सोसत नसे.

त्याच इटलीच्या बेरेटा कारखान्याने मात्र शहाणपण केले. आपले १९३१ चे ७.६५ चे पिस्तूल त्यांनी भक्कम केले आणि १९३४ मध्ये ते नऊ मिलिमीटर आखूड काडतुसासाठी सैन्याला दिले. पॅराबेलमचा हव्यास धरला नाही. दोन्ही काडतुसांच्या गोळीची जाडी जवळजवळ सारखी. डबीची लांबी आखूडची १७ आणि पॅराबेलमची १९ मिलिमीटर. अवघे दोन मिलिमीटर! पण त्या दोन मिलिमीटरांत आणि वाढलेल्या दाबात जोर जवळजवळ दुप्पट होतो. बेरेटाने ती रेघ ओलांडली नाही, म्हणून ते लहानसे पिस्तूल टिकले आणि जगभर गेले. आपल्या देशाला त्याची ओळख फार दुःखद रीतीने झाली. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत बिर्ला भवनाच्या आवारात गांधीजींवर ज्यातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते १९३४ च्या नमुन्याचे बेरेटाच होते. ‘बेताचा जोर’ हे शब्द कारखान्याच्या कोष्टकात ठीक आहेत. माणसाच्या छातीपुढे कोणतेही काडतूस बेताचे नसते, हे विसरून चालणार नाही.

पोत्याच्या दाराने बैलही अडवून दाखवू, अशी जिद्द धरणारेही होते. स्पेनच्या सैन्यासाठी १९२१ मध्ये आस्ट्रा कारखान्याने बिनअडसराच्या पिस्तुलात पूर्ण ताकदीचे नऊ मिलिमीटर काडतूस बसवले. अट एकच: पोते तसेच दणकट हवे. स्लाईड जड झाली आणि स्प्रिंग इतकी कडक, की ती मागे खेचायला पैलवानी मनगट हवे. रशियनांनी १९५१ मध्ये माकारोव्ह पिस्तूल घेताना मधला मार्ग काढला. आखूडहून थोडे मोठे आणि पॅराबेलमहून लहान असे काडतूसच त्यांनी निवडले. पोत्याचे दार जेवढे पेलू शकेल, साधारण तेवढेच.

मायामीची सकाळ

हे सारे वाचताना मला वाटले होते, की अडसराची युक्ती सापडल्यावर प्रश्न मिटला असेल. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

११ एप्रिल १९८६. अमेरिकेतल्या मायामी शहराजवळ एफ.बी.आय. या मध्यवर्ती गुन्हे-अन्वेषण खात्याच्या आठ अधिकाऱ्यांनी दोन दरोडेखोरांची मोटार अडवली. प्लॅट आणि मॅटिक्स ही त्यांची नावे. प्लॅटजवळ रायफल होती. अधिकाऱ्यांजवळ बहुतेक रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले. चार-पाच मिनिटे चकमक चालली. जेरी डव्ह या अधिकाऱ्याच्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सुरुवातीलाच प्लॅटच्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली. ती जखम प्राणघातकच होती. पण गोळी हृदयाच्या अलीकडे सुमारे इंचभर थांबली. त्या इंचाने घात केला. प्लॅट पडला नाही. त्याने त्यानंतर डव्ह आणि बेन ग्रोगन या दोन अधिकाऱ्यांना ठार केले. आणखी पाच अधिकारी जखमी झाले. शेवटी एक हात निकामी झालेल्या एडमंडो मिरेलेस या अधिकाऱ्याने दोघा दरोडेखोरांना संपवले.

ज्यांनी आपले दोन सहकारी गमावले, त्यांच्या मनात काय आले असेल याची कल्पना करणे अवघड नाही. ती गोळी एक इंच पुढे गेली असती तर? खात्याने १९८७ मध्ये तज्ज्ञ बोलावले, पुढे शरीराच्या मांसासारख्या जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या झाडून पाहिल्या आणि नियम केला, की गोळी निदान बारा इंच आत गेलीच पाहिजे. त्याबरोबर निष्कर्षही निघाला: काडतूस मोठे हवे. आमच्या चिरंजीवांच्या भाषेत, एका टिकलीने भागत नाही.

एक तोळ्याची गोळी

मोठे काडतूस तयारच होते. १९८३ मध्ये स्वीडनच्या नॉर्मा कारखान्याने दहा मिलिमीटरचे एक दांडगे काडतूस बाजारात आणले होते. कोल्ट कंपनीने १९८७ मध्ये आपले जुने, पंचेचाळीस बोअरचे पिस्तूल त्याच्यासाठी बदलले. जुन्या काडतुसाचा दाब दर चौरस इंचाला सुमारे २१,००० पौंड, नव्याचा ३७,५००. बाहेरून चौकट तीच. पुष्कळ गोळ्या झाडल्यावर काही पिस्तुलांच्या चौकटीला एका ठरावीक अरुंद पट्टीवर बारीक तडा दिसू लागला. कोल्टच्या इंजिनियरांनी काय केले असेल? ती पट्टीच कापून टाकली! जिथे ताण साचत होता ती जागाच नाहीशी केली. आपण हसतो, पण उपाय शहाणपणाचा होता.

एफ.बी.आय.ने दहा मिलिमीटर घ्यायचे ठरवले. पण पूर्ण ताकदीच्या काडतुसाचा धक्का असा, की नेम सांभाळणे अनेकांना जड जाऊ लागले. मग इटलीचीच गोष्ट पुन्हा घडली. काडतूस तेच ठेवून दारू कमी केली! १८० ग्रेन वजनाची गोळी आणि बेताचा वेग. इथे मला आपल्या वाचकांना एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. १८० ग्रेन म्हणजे किती? बरोबर एक तोळा. आजीच्या पेटीत राणीच्या किंवा पंचम जॉर्जच्या छापाचा जुना चांदीचा रुपया असेल, तर त्याचेही वजन तेवढेच. आपल्याकडे ज्या मापाने लक्ष्मीपूजनाचे सोने मोजत आले, नेमक्या त्याच वजनाचा शिशाचा तुकडा अमेरिकेच्या पोलिसांनी निवडला होता.

आता स्मिथ अँड वेसन कंपनीतल्या कोणाच्या तरी लक्षात आले, की दारू कमी केल्यावर त्या लांब डबीत जागा रिकामीच राहते. मग डबी आखूड का करू नये? केली. आधी भरलेले काडतूस ३२ मिलिमीटर लांब होते, ते २९ च्या आत आले. नऊ मिलिमीटरचे भरलेले काडतूस ३० च्या आत असते. म्हणजे मोठ्या, अवजड पिस्तुलाची गरजच उरली नाही. तोळ्याची गोळी आता नऊ मिलिमीटरच्या सुटसुटीत पिस्तुलात बसणार! जानेवारी १९९० मध्ये ‘पॉइंट चाळीस’ हे काडतूस जाहीर झाले. दहा मिलिमीटरच्या अभिमान्यांनी स्मिथ अँड वेसनच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आखूड आणि अशक्त’ म्हणून हिणवले, पण खप त्यांचे ऐकेना. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीने आपल्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांवरूनच नवे नमुने इतक्या झटपट बाजारात आणले, की ज्यांचे काडतूस ते मागे राहिले. पोलीस खात्यांनी रांगा लावल्या. १९९७ मध्ये एफ.बी.आय.नेही तेच घेतले.

सगळ्यांना हवे ते मिळाले: पिस्तूल लहान, गोळी मोठी. पण हिशेब कुठे जातो? जमाखर्चाची वही मांडून पाहू. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने निघाली आणि पिस्तूल ८०० ग्रॅमचे, म्हणजे गोळीच्या शंभरपट असले, तर पिस्तूल गोळीच्या शंभराव्या हिश्श्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने, मागे उसळू पाहते. दारूच्या वायूचा धक्का आणखी वेगळा; तो सोडून देऊ. आता त्याच पिस्तुलातून तोळ्याची गोळी ३०० मीटर वेगाने झाडा. उसळीचा वेग जवळजवळ ४.४ मीटर होतो. वाढ पाव हिश्श्याची. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून हाताला आणि पोलादाला सोसावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. हे प्रत्येक गोळीला, वर्षानुवर्षे. स्लाईड अधिक जोराने मागे आपटते, स्प्रिंग लवकर थकते, चौकट झिजते. बेल्जमच्या एफ.एन. कारखान्याने आपल्या १९३५ च्या प्रसिद्ध ‘हाय पॉवर’ पिस्तुलाला हे काडतूस द्यायचे ठरवले, तेव्हा पूर्वीची घडाईची चौकट पुरेना. अधिक कठीण पोलादाची ओतीव चौकट करावी लागली. आपल्या सैन्याचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल ज्यावरून बनले, तेच हे ‘हाय पॉवर’.

शिवाय गोळी जाड, म्हणून मॅगझिनमध्ये मावणार कमी. ग्लॉकच्या मोठ्या पिस्तुलात १७ च्या १५ झाल्या, मधल्यात १५ च्या १३, सर्वांत लहानात १० च्या ९. आणि पिस्तूल जितके लहान, तितकी स्लाईड हलकी आणि तिला मागे सरकायला जागा थोडी. म्हणून लहान पिस्तुलात एकात एक अशा दोन स्प्रिंगा बसवाव्या लागल्या. नळी आखूड असल्याने दारू पुरती कामी येण्याआधीच गोळी बाहेर पडते. पैसे मोजून घेतलेल्या जोरातला काही भाग तोंडाशी नुसता जाळ आणि आवाज होऊन जातो. आमच्या जिन्यातला तोच ‘फाट्’!

पिसासारखे रिव्हॉल्व्हर

या हव्यासाचे टोक पाहायचे असेल, तर एका रिव्हॉल्व्हरकडे बघावे. स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर १९५० पासून अडतीस बोअरच्या साध्या काडतुसासाठी होते. १९९० नंतरच्या दशकात तेच थोडे वाढवून त्यात ‘मॅग्नम’ हे फार जोरदार काडतूस बसवले. पुढे चौकट स्कँडियम मिसळलेल्या हलक्या धातूची केली, तेव्हा वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास आले. खिशात आहे की नाही हेही कळू नये! पण एक गोळी झाडली की धक्का असा बसे, की झाडली गेलेली गोळी तर गेलीच, परंतु चक्रात वाट पाहत बसलेल्या काडतुसांच्या गोळ्याही आपापल्या डब्यांतून पुढे सरकू लागत. तांब्या झटकन मागे ओढला की पाणी पुढे उडते, तसे. एखादी गोळी फार पुढे आली, की चक्र फिरायचे थांबे. ऐन वेळी हत्यार मुके.  शिवाय अशा रिव्हॉल्व्हरच्या नळीवरच कंपनीने बजावून ठेवले, की १२० ग्रेनहून हलकी गोळी यात वापरू नये. पोलादाने धक्का सोसला, हाताने दातओठ खाऊन सोसला. पण काडतुसालाच काडतूस सोसेना.

अठ्ठावीस वर्षांचा फेरा

आता एफ.बी.आय.चे काय झाले ते सांगतो आणि ही गोष्ट संपवतो.

२०१४ मध्ये खात्याच्या प्रशिक्षण विभागाने एक टिपण केले. मायामीला अठ्ठावीस वर्षे होऊन गेली होती. टिपणाने सांगितले, की पोलिसांच्या खऱ्या चकमकींत झाडलेल्या गोळ्यांपैकी शेकडा ७० ते ८० गोळ्या लक्ष्याला लागतच नाहीत. न लागलेल्या मोठ्या गोळीपेक्षा लागलेली लहान गोळी बरी, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? पण तो हिशेब मांडायला मात्र एवढी वर्षे लागली. दरम्यान गोळीची घडण इतकी सुधारली होती, की नऊ मिलिमीटरची नवी गोळी ठरलेले बारा इंच सहज जात होती, आणि जखमेत दोन्ही काडतुसांचा फरक दाखवता येत नव्हता. हातातला फरक मात्र दिसत होता. नऊ मिलिमीटरने बहुतेक अधिकारी अधिक जलद आणि अधिक अचूक झाडत. गोळ्या जास्त मावत, पिस्तूल जास्त टिके, काडतूस स्वस्त पडे. २०१६ मध्ये एफ.बी.आय.ने पुन्हा नऊ मिलिमीटरचीच पिस्तुले मागवली.

म्हणजे तो सारा खटाटोप व्यर्थ गेला का? मला तसे वाटत नाही. डव्ह आणि ग्रोगन यांच्या मृत्यूने गोळीची कसून परीक्षा घेण्याची शिस्त लागली आणि त्या शिस्तीतूनच नऊ मिलिमीटरची गोळी सुधारली. उणीव खरी होती. पण ती काडतुसाच्या आकारात नव्हती, गोळीच्या घडणीत होती. दुःखात माणसाला पहिली आठवण जोराची होते. जोर वाढवणे सोपे असते, कारण तो विकत मिळतो. पिस्तुलाची पोलादी चौकट, स्लाईड, स्प्रिंग, धरणारे मनगट आणि चाप ओढण्यापूर्वीचा तो एक क्षण, या सर्वांनी मिळून तो जोर पेलायचा असतो. आणि यांतले सर्वांत दुबळे असेल, तेवढेच ते हत्यार बलवान. ब्राउनिंगला हे कळले होते. म्हणून त्याने काडतूस आणि पिस्तूल एकाच कागदावर आखले. ज्यांनी आधी काडतूस निवडले आणि मग पिस्तुलाला ‘पेल’ म्हणून सांगितले, त्यांना कुठे ना कुठे दारू कमी करावी लागली.

यंदा धनत्रयोदशीला चिरंजीव माझ्याबरोबर बाजारात आले. दुकानात त्यांनी चार पिस्तुले हाताळली. प्रत्येकाचा घोडा ओढून पाहिला, खिळी तपासली आणि दुकानदाराला गंभीरपणे विचारले, “काका, हे किती टिकल्यांचं आहे?”

दुकानदार हसून म्हणाले, “अरे बाळा, पिस्तूल एका टिकलीचंच असतं.”

“हो, ते मला माहीत आहे,” चिरंजीव म्हणाले, “तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो.”